धूर हाय तंवर

दोन हजार चोवीस साल होतं आणि मी बहात्तर वर्षांचा होतो. आधार कार्डावर एकोणसत्तर आहे, पण ते मास्तरांनी अंदाजानं टाकलेलं, आणि माझा शाळेशी संबंध दुसरीतच संपला. बहात्तर हे आईनं सांगितलेलं आहे. मी तेच धरतो.

मिरजगावात हायवेच्या कडेला माझं पत्र्याचं शेड आहे, त्यात भट्टी. खुरपी, विळे, कोयते, कुऱ्हाडी, सगळं करतो. शेवटायला आलेलं सामानही घेतो, म्हणजे बोथट झालेलं तापवून, ठोकून परत धारेला आणायचं. पण माझं नाव आहे ते सुऱ्यांवर. खाटकाचा लांब सुरा. ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचं पोलाद तापवून, ठोकून, लांब ओढून काढलेला. कोयता जाड असतो, त्याचं काही कौतुक नाही. लांब पातळ सुरा करणं म्हणजे परीक्षा असते, आणि ती पाणी देताना होते.

पाणी द्यायचं म्हणजे पातं लाल करायचं आणि एका दमात बुडवायचं, की ते कडक होतं. माझा बाप पाण्यात बुडवायचा. मी तेलात बुडवतो, ट्रॅक्टरचं जळकं ऑईल. तरी शब्द पाणी देणं हाच. डाळिंबाच्या पिकल्या दाण्यासारखा रंग आला की बाहेर काढायचं. त्याच्या पुढं गेलं की पोलाद मेलं. जमिनीत एक लोखंडी पाईप उभा पुरलेला आहे, तेलानं भरलेला. त्यात पातं टोकाकडून सरळ खाली सोडायचं. डावीउजवीकडं हलवायचं नाही.

आणि एवढं सगळं करूनही लांब पातं थोडं तरी वाकतंच. कर्जतच्या मिस्त्र्याचं वाकायचं, जामखेडच्या मिस्त्र्याचं वाकायचं. माझं वाकत नव्हतं. ओळंब्यासारखं सरळ निघायचं. मी हे चाळीस-पंचेचाळीस वर्षं येईल त्याला सांगितलं. भट्टीपुढं बसलेल्या गिऱ्हाइकाला चहा पाजून सांगितलं. कुणी विचारलं, की उस्ताद, युक्ती काय, तर म्हणायचो, "युक्ती हातात असती. ती काय चिठ्ठीवर लिहून देता येती व्हय?"

त्या वर्षी शिमग्याच्या आधी माझी बायको गेली. खोकला होता, मग ताप आला, मग नगरचा दवाखाना, मग चार दिवसांनी ॲम्ब्युलन्समधून घरी. सगळं सरळ एका रेषेत झालं. मला रडू आलं नाही. बायका म्हणाल्या, येईल, तेराव्याला येईल. तेराव्यालाही आलं नाही. मांडी घालून फार वेळ बसलं की पायाला चिमटा काढला तरी कळत नाही, तसं मला आतून झालं होतं. दुखत नव्हतं. जेवायला वाढलं की जेवत होतो.

तेराव्याच्या सकाळी पाहुण्यांच्या आंघोळीला पाणी तापवायचं होतं आणि सरपण कमी पडलं. मी शेडमध्ये गेलो. बायकोच्या बसायच्या जागेपुढं बाभळीचा एक ओंडका होता, गुडघ्याएवढा उंच, वर खाच पाडलेला. तो उचलून आणला, कुऱ्हाडीनं चार ढलप्या केल्या आणि चुलीत घातल्या. वर्षानुवर्षं तेल मुरलेलं लाकूड. चांगलं पेटलं.

चौदाव्या दिवशी मी भट्टी पेटवली. लोक म्हणाले, म्हातारा दगड आहे. असंल.

आता आमची कामाची रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. माझं तोंड भट्टीकडं. भट्टीच्या पलीकडं, माझ्यासमोर, गिऱ्हाईक बाकड्यावर बसायचं. माझ्या पाठीमागं डाव्या हाताला तेलाचा पाईप, आणि त्याच्या मागं ती, तिच्या ओंडक्यापुढं, हातात गोणपाटाचा बोळा. भट्टीत कायम दोन पाती असायची, एक लाल होत असायचं आणि दुसरं त्याच्या मागं निम्म्यावर. पहिलं झालं की सांडशीनं काढायचं, वळायचं, तेलात सोडायचं, तेलाची भडक शांत झाली की वर काढून पाठीमागं धरायचं आणि म्हणायचं, "धर." ती म्हणायची, "हं." माझी सांडशी मोकळी झाली की माझं तोंड परत आगीकडं. दुसरं पातं तोवर लाल झालेलं असायचं, आणि आग कुणासाठी थांबत नाही.

तिचं काम तेल पुसायचं. खाचेत पातं उभं धरून पुसलं की ते हलत नाही, म्हणून तिनंच एकदा माझ्याकडून ती खाच पाडून घेतली होती. "पुसताना पातं हालतंय," म्हणाली होती. मी करवत घेऊन पाडून दिली. पुसून झालं की ती पातं तारेला अडकवायची. गार झाल्यावर मी काढून घ्यायचो, एक डोळा मिटून धारेवरनं बघायचो आणि समोरच्याला दाखवायचो. सरळ.

माझ्या बापाचा एक नियम होता. पाणी पिलेलं पातं आणि निजलेलं तान्हं पोर, यांना हात लावायचा नाही. गार होईपर्यंत पात्यावर जोर दिला तर ते काचेसारखं तडकतं. पाण्यात बुडवलेलं खरंच तडकतं, मी लहानपणी बघितलेलं आहे. बापाचा नियम मी घरात सगळ्यांना सांगून ठेवला होता.

मे महिन्याच्या शेवटी जामखेडचा खाटीक आला. त्याचा बापही माझ्याकडूनच सुरे न्यायचा. बकरी ईदच्या आधी दरवर्षी बारा सुरे, स्वतःसाठी आणि त्याच्या भावकीसाठी. तो आधी बायकोचं विचारायला बसला. मग म्हणाला, "उस्ताद, औंदा ऱ्हाऊ द्या. जुन्यांवर भागवतो."

"का? माझे हात गेले का तिच्यासंगं?"

"तसं न्हाई हो."

"मग बारा सांग. न्हाईतर सांगू पन नको. बारा म्हंजे बारा."

"घाई न्हाई, पन ईदीच्या आधी पायजेत. आन् सरळ."

"माझं पातं कधी वाकलंय?"

तो माझ्याकडं बघून काहीतरी बोलणार होता. बोलला नाही. चहा पिऊन उठला.

मी बारा पाती ठोकून, घासून तयार केली. त्यात काही अडलं नाही. हात चालत होते, डोळे चालत होते. पहिल्या दिवशी चार पात्यांना पाणी दिलं. माझ्या मागं कुणी नव्हतं, म्हणून तेलातनं काढून सरळ तारेला अडकवत गेलो. पुसायचं काय, गार झाल्यावर पुसता येतं.

गार झाल्यावर पहिलं काढलं आणि डोळा मिटून बघितलं. पातं उजवीकडं गेलं होतं, केळीचं पान कडेनं वळतं तसं. दुसऱ्याचं टोक वळलेलं. तिसऱ्याला पीळ. चौथं बघायच्या आधीच मला कळलं होतं.

मी पहिलं ऐरणीवर ठेवून लाकडी हातोड्यानं हलकेच ठोकलं. टिंग असा आवाज झाला आणि अर्धं पातं पत्र्यावर जाऊन आदळलं. शेजारचा पंक्चरवाला डोकवून गेला. मी म्हणालो, काही नाही.

कोळसा खराब असणार, असं मी ठरवलं. नवीन पोतं आणलं. उरलेल्यांतल्या दोन पात्यांना पाणी दिलं. दोन्ही वाकडी. मग तेल जुनं झालं असणार. पाईप उपसून सगळं तेल काढलं, नवीन भरलं, त्यात लोखंडाचा लाल तुकडा टाकून नीट कोमट केलं. पातं वाकडं. मग हा विजेचा पंखा आला तेव्हापासनंच आग एकसारखी लागत नाही, असं म्हणून माळ्यावरचा जुना कातडी भाता काढला, दोन ठिकाणी शिवला आणि हातानं ओढला. एका हातानं भाता, एका हातानं सांडशी, बहात्तराव्या वर्षी. पातं वाकडं. मग पोलादच वाईट. जामखेडला भंगाराच्या दुकानात जाऊन दुसऱ्या गाडीचा कमानपाटा आणला आणि त्यातनं नवीन पातं काढलं. तेही वाकडं.

जी वाकडी निघत ती परत लाल करून, नरम करून सरळ करायचो आणि परत पाणी द्यायचो. परत वाकायची. परत परत तापवल्यानं धारेकडचं पोलाद जळायला लागलं. दोन पाती अशी गेली. दोन मी गार असताना सरळ करायला गेलो आणि मोडली.

या सगळ्यात मला राग आला नाही, हे मला आठवतं. आधी मला फार राग यायचा. घण चुकला तर मी सांडशी फेकायचो. आता मी नुसता पुढची चूक शोधत होतो, कोळसा, तेल, पंखा, पोलाद, एकेक. हरवलेली चावी शोधतात तसं. चावीचं दुःख कुणी करत नाही.

ईदीच्या सहा दिवस आधी खाटीक परत आला. तारेला पाच पाती लटकत होती. त्यानं एक काढलं, बाकड्याच्या फळीवर आडवं ठेवलं. मधून बोट जाईल एवढी फट.

"उस्ताद, हे तुमचं न्हाई वाटत."

"माझंच हाय. पोलाद खराब लागलंय."

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं."

तो पातं परत अडकवून बाकड्यावर बसला, जिथं त्याचा बाप बसायचा तिथं. "भाभी असत्या तर हे न्हवतं झालं," तो म्हणाला.

"तिचा काय संबंध? ती पुसायची."

तो हसला. मी चेष्टा करतोय असं त्याला वाटलं. मग माझ्या तोंडाकडं बघितलं आणि त्याचं हसणं तिथंच राहिलं.

"उस्ताद, तुमाला खरंच म्हाईत न्हाई?"

"काय?"

"भाभी सरळ करायच्या. खाचेत घालून. असं." त्यानं दोन्ही हात पुढं करून हवेत काहीतरी दाबलं. "आमी इथं समोर बसायचो न्हवं. तुमची पाठ त्यांच्याकडं, त्यांचं तोंड आमच्याकडं. माझे अब्बा म्हनायचे, सुरा उस्ताद बनवतो, सीधा भाभी करती."

"पाठीमागं बसल्याली बाई काय करती ते तुला आगीतनं दिसायचं व्हय?"

"सगळ्यांला दिसायचं. ह्या बाकड्यावर जो जो बसला त्याला."

मी म्हणालो, ऊठ. तो उठला. जाताना शेडच्या तोंडाशी थांबला.

"सहा दिवस हायेत उस्ताद. न्हाई जमलं तर नगरहून तयार आनतो, स्टेनलेसचे. मला ते आवडत न्हाईत. पन वाकडा सुरा जनावराला दोनदा लागतो. एकदा लागायला पायजे. दोनदा लागला तर ते माझ्या मानेवर."

तो गेल्यावर मी त्याच्या जागेवर, बाकड्यावर जाऊन बसलो. तिथं मी कधी बसलो नव्हतो. तिथून माझी ऐरण दिसत होती, भट्टी दिसत होती, तेलाचा पाईप दिसत होता, आणि त्याच्या मागं तिची जागा. ओंडका होता तिथं जमिनीवर गोल डाग होता. सगळं नीट दिसत होतं.

मला त्याचं बोलणं खोटं ठरवायचं होतं. खाटीक भला माणूस, पण माणूस बोलतो. खरं काय ते सांगणारं एकच माणूस उरलं होतं. माझी पोरगी. ती लग्नाआधी त्या शेडमध्येच वाढली. देवळाली प्रवऱ्याला दिली आहे, उसाच्या मुलखात. फोन करता आला असता. पण असलं फोनवर विचारायचं नसतं, समोरच्याचं तोंड दिसलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी एक वाकडं पातं गोणपाटात गुंडाळलं आणि एसटीत बसलो. अर्ध्या तिकिटासाठी आधार दाखवलं. कंडक्टरची नजर गोणपाटाकडं.

"म्हातारबा, हे काय?"

"सुरा."

"कुनीकडं?"

"पोरीकडं, देवळालीला."

"मग आज जावयाचं काय खरं न्हाई." आजूबाजूची माणसं हसली. कंडक्टर म्हणाला, "सीटाखाली ठेवा, आन् तिथं पोचंस्तोवर राग गिळा." मीही हसलो. हसताना तोंड कसं हलतं ते मला जाणवत होतं, एवढंच.

नगरला गाडी बदलली, राहुरीला बदलली. दुपारी पोचलो. पोरगी दारात धान्य निवडत होती. "दादा? असं न सांगता?"

"सहज."

"पोत्यात काय?"

"बघू मग."

तिनं भाकरी टाकली, वांग्याची भाजी वाढली. जावई रानात पाणी धरायला गेलेला. जेवण झाल्यावर मी गोणपाट सोडलं आणि पातं तिच्यापुढं ठेवलं. काय विचारायचं ते एसटीत ठरवलं होतं, पण तिनं विचारूच दिलं नाही. तिनं पातं उचललं, एक डोळा मिटला, धारेवरनं बघितलं. उताणं केलं, परत बघितलं. चाळीशी ओलांडलेली बाई, पोरं कॉलेजला, आणि पातं धरायची रीत माझीच.

"हे गार झालंय," ती म्हणाली. "आता काय न्हाई व्हायचं ह्याचं."

तिनं पातं परत गोणपाटावर ठेवलं.

"आईचं काम कोन करतंय मग आता? तुमीच?"

"तुझी आई पुसायची."

"दादा."

"पुसायचीच. पानी पिल्याल्या पात्याला हात लावला तर तडकतं. तुज्या आज्याचा नियम हाय."

"आजा पान्यात बुडवायचा. तुमी तेलात बुडवता. तेलातनं निगाल्यालं पातं थोडा येळ मऊ असतं, लगीच कडक व्हत न्हाई. आईनं मला शिकवलंय. तिला कावीळ झाल्ती तवा म्हयनाभर मीच न्हवते का बसले तुमच्या मागं? तवा तरी कुटं वाकली?"

तो महिना मला आठवत होता. तेव्हाही वाकली नव्हती. तेव्हाही मी समोरच्याला सांगितलं होतं, ओळंब्यासारखं.

"किती येळ?" मी विचारलं.

"काय किती येळ?"

"मऊ किती येळ असतं?"

ती म्हणाली, "आई म्हनायची, धूर हाय तंवर पातं ऐकतं. तेलातनं काढलं की पात्यावरनं धूर निगतो न्हवं, निळा, त्यो हाय तंवर दाबायचं. धूर गेला की सोडायचं. मग किती बी वाकडं असू दे, हात लावायचा न्हाई."

मी चाळीस वर्षं त्या धुराचा वास घेतला. बघितला नाही. तो माझ्या मागं होता.

तिनं उसाचं एक हिरवं टिपरू आणलं आणि खिडकीच्या दोन गजांत अडकवून दाखवलं. "झटका द्यायचा न्हाई. दाबून धरायचं. थोडं पलीकडं न्यायचं, मग सोडलं की बरोबर येतं. आन् वाकडं दिसतंय तिथं दाबायचं न्हाई, वाकडं जिथनं सुरू झालंय तिथं दाबायचं." तिचं म्हणणं बरोबर होतं. मी ते टिपरू घेतलं, एकदा दाबलं. तिनं माझं कोपर थोडं वर उचललं. मी लहान असताना बाप असं उचलायचा. त्यानंतर कुणी माझं कोपर उचललेलं नव्हतं.

"तिला कुनी सांगितलं हे?"

"कुनी न्हाई. तुमी तेल आनलं त्या साली, पयल्याच दिशी, एक पातं तिच्या हातनं खाली पडलं आन् तिचा पाय पडला त्याच्यावर. वाकलं. आई भ्याली. तुमी मारायचा तवा. तिनं दगडावर धरून परत सरळ केलं. मोडलं न्हाई. बगती तर बाकीची तशीच वाकडी, आन् ह्ये एकच सरळ. मग तिनं समदीच सरळ केली."

"मला का न्हाई सांगितलं?"

"तुमी त्याच दिशी सांजंला समद्यांला बोलवून दाखवत बसलाव, की बगा, तेलानं पातं सरळ निगतंय. मग ती काय बोलनार?"

कोंबडी ओट्यावर चढली. पोरीनं तिला हाकललं.

मी विचारलं, "मला हसायची का?"

पोरगी खोटं बोलत नाही, ते तिनं माझ्याकडनं घेतलेलं आहे. ती म्हणाली, "कवा तरी. वंगाळ न्हाई. घरी आल्यावर तुमची नक्कल करायची, ओळंब्यासारखं, म्हनून. पन पातं कुनाला दाखवायचं असलं तर तुमच्या आधी ती बगून घ्यायची. तुमचा शब्द पडू नये म्हनून."

मी म्हणालो, "बरं."

"तिचा हात कधी बगितला न्हाई का दादा तुमी?"

हात बघितला होता. दवाखान्यात चार दिवस तो माझ्या हातात होता, सलाईनची सुई हलू नये म्हणून. डाव्या तळव्यावर आडवा काळा घट्टा होता, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, पट्टीनं ओढल्यासारखा. खुरप्याचा असेल असं मला वाटलं होतं. पण खुरपं उजव्या हातात धरतात.

निघताना पोरगी फाट्यापर्यंत आली. गाडी दिसल्यावर म्हणाली, "आईचा ओंडका हाय न्हवं? तोच घ्या. ती खाच घासून घासून बराबर झाल्याली हाय."

"हाय," मी म्हणालो.

तिच्याशी मी तेवढं एक खोटं बोललो.

परतीच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. राहुरीपर्यंत ऊस, मग नगर, मग आमच्याकडची मोकळी रानं. मला वाटलं होतं, आता काहीतरी होईल. मागं कुणीतरी बाई तिच्या पोराला गप्प करत होती. मी काचेवर डावा तळवा ठेवला. काच गरम असणार, दिवसभर ऊन होतं. मला गरम कळलं नाही, गार कळलं नाही. घरी आलो, उरलेली भाकर दुधात कुस्करून खाल्ली आणि आडवा झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुऱ्हाड घेऊन शेडमागच्या बाभळीकडं गेलो. मांडीएवढ्या जाड फांदीचा गुडघ्याएवढा तुकडा तोडला, साल काढली, वर करवतीनं खाच पाडली. नवीन खाच, खरखरीत. कानशीनं जरा घासली. ओंडका जमिनीवरच्या त्या डागावर बसवला. गोणपाटाचे दोन बोळे केले. मग भट्टी पेटवली आणि सवयीनं दोन पाती आगीत ठेवली.

पहिलं लाल झालं. तेलात सोडलं, काढलं, आणि सांडशी पाठीमागं गेली. "धर," मी म्हणालो. हे तोंडातनं निघून गेलं. मी वळलो, सांडशी सोडवून पातं गोणपाटात घेतलं, ओंडक्यापर्यंत पोचलो, तोवर पात्यावर धूर नव्हता. वाकडं होतं. दाबायला हात आला होता. मी दाबलं नाही. तसंच तारेला अडकवलं. मागं भट्टीत दुसरं पातं डाळिंबाच्या पुढं जाऊन पांढरं पडायला लागलं होतं. ते काढून मातीत टाकलं. ते गेलं.

मग मी ओंडका उचलून तेलाच्या पाईपाला चिकटवून ठेवला, आणि माझं बसायचं फळकूट फिरवून घेतलं, भट्टी उजव्या हाताला येईल असं. भट्टीत एकच पातं ठेवलं. ते लाल होईपर्यंत हातात काही काम नव्हतं, नुसता बसून राहिलो. लाल झालं. तेलात सोडलं, काढलं. निळा धूर उठला. खाचेत घातलं, वाकडं जिथून सुरू होत होतं तिथं डावा तळवा लावला आणि दाबून धरलं, थोडं पलीकडं. गोणपाटातून चटका बसला. तो मला कळला. धूर विरत गेला तसा हात काढला.

गार झाल्यावर डोळा मिटून बघितलं. समोर बाकड्यावर कुणी नव्हतं. सरळ होतं.

मग दुसरं ठेवलं. पुन्हा एकच.